जांभळ्या स्वेटरची डावी बाही

५ ऑक्टोबर

चि. घुम्या,
अनेक आशीर्वाद.

शेजारणीने फोन लावून दिला होता, पण तुझ्या बाजूने नुसता श्वास ऐकू आला. नाही तरी माझे कान आता फोनच्या कामाचे राहिले नाहीत, आणि तू तर लहानपणापासून घुम्याच. बहिरी अक्का आणि घुमा भाऊ, फोन कंपनीचं आपल्यावर भागायचं नाही. म्हणून पत्र लिहितेय. पत्रात तरी तुला मान हलवून भागवता येणार नाही.

तुझी बायको गेली आणि मी येऊ शकले नाही, हे काही केल्या गिळत नाही. पाय प्लास्टरमध्ये, डॉक्टर हलू देत नाहीत. इथे खिडकीशी तुझा जुना करडा स्वेटर घालून बसलेय, नेहमीसारखी डावी बाही दुमडून. लहानपणी कुंपणावरून पडले तेव्हापासून हा हात आखूडच राहिला. तू त्याला वाकडा चमचा म्हणायचास आणि धपाटा खायचास. आता म्हण हवं तर. धपाटा पोचणार नाही.

सोबत लोकरीचे मोजे आहेत. तिच्या आजारपणातच घातले होते सुईवर, तुम्हा दोघांना एकेक जोड. एकच पुरा केला. पायात घाल, ठेवणीत टाकू नकोस. तुमचा हवालदार बोका काय म्हणतो? ती गेल्याचं मांजराला कोण समजावणार? त्याला दूध घालतोस ना? आणि स्वतः काय खातोस ते खरं खरं लिही.

लोभ आहेच, तो तुझ्याकडूनही कागदावर दिसू दे.
तुझी अक्का

१४ ऑक्टोबर

ती. अक्का,
शि. सा. न. वि. वि.

मोजे मिळाले. एक हवालदाराने पळवला. कुठे नेला ते कळत नाही. दुसरा आहे.

दूध-पाव खातो. दुकान उघडलेलं नाही. लोकांचे दुरुस्तीला आलेले चष्मे तसेच पडून आहेत. वर्ष संपलं की दुकान आणि वरची खोली विकून टाकावी असं मनात आहे. पुढचं पुढे. बोक्याला कोपऱ्यावरची पाववाली ठेवून घेईन म्हणाली.

ही शेवटी शेवटी एक स्वेटर विणत होती. टोपलीत आहे, तसाच सुईवर. मी हात लावलेला नाही.

कळावे.
तुझा घुम्या

२० ऑक्टोबर

चि. घुम्या,
आशीर्वाद.

तुझं पत्र म्हणजे तारच. शब्दाला पैसे पडतात का रे? पण आलं, हे काही थोडं नाही. उशीखाली ठेवलंय.

दुकान विकण्याची ओळ तीनदा वाचली. ‘पुढचं पुढे’ हे दोन शब्द मला अजिबात आवडले नाहीत. तुला दुसरीकडे जायचं असेल तर माझ्याकडे ये, माझी खोली दोघांना पुरेल. पण तू माझ्याकडे येण्याचं बोलत नाहीयेस, हे मला न ऐकताही ऐकू येतं. त्या दुकानात तुम्ही दोघं समोरासमोर बसायचात. तू काचा घासायचास, ती पावत्या सोडून विणत बसायची आणि गिऱ्हाईकाशी गप्पा मारायची, कारण तू मारायचा नाहीस. कुलूप लावून ते संपेल का? मला नाही वाटत.

स्वेटरबद्दल मला माहीत नव्हतं. गळ्याचे टाके कसे कमी करायचे, असं उन्हाळ्यात तिने विचारलं होतं खरं. तेव्हा तुझ्यासाठीच असणार. बायकोने विणलेला स्वेटर टोपलीत ठेवायचा नसतो, बाळा. पण आत्ता राहू दे. हात लावावासा वाटेल तेव्हाच लाव.

मोजा पळवला म्हणून हवालदाराला बोलू नकोस. त्याला तिचा वास आला असेल. मोज्यांची सगळी लोकर मी तिच्याच आवडत्या साबणाने धुतली होती.

निदान चार ओळींचा लोभ असावा.
तुझी अक्का

२ नोव्हेंबर

ती. अक्का,
शि. सा. न.

काल वाईट झालं. मी खाली दुकानात गेलो होतो, नुसता जरा बसायला. वर आलो तर टोपली उपडी आणि हवालदार स्वेटर ओढत पलंगाखाली घेऊन गेलेला. एक सुई पूर्ण निघाली. बाहीचे टाके सुटले आहेत. मी हात लावला की आणखी एक ओळ खाली उतरते. बघता बघता बोटभर गेली.

अक्का, ते टाके तिचे आहेत. तिचं दुसरं काय राहिलंय माझ्याकडे?

मी बोक्याला मानगुटीला धरून जिन्यावर फेकला. असं मी कधी केलं नव्हतं. तो गेला तो परत आला नाही.

स्वेटर टेबलावर पसरून वर जड पुस्तकं ठेवली आहेत. काय करू ते लगेच लिही. पाठवला तर तू पुरा करशील का?

घुम्या

६ नोव्हेंबर

चि. घुम्या,

घाबरू नकोस. लोकर सुटते तशी परत धरताही येते. पुस्तकं काढ. तुझ्याकडे चष्म्याचे बारीक स्क्रू उचलायचा चिमटा आहे, तो घे आणि नीट उजेडात बस. सुटलेली प्रत्येक घडी, जी छोट्या फाशासारखी दिसते, ती आधी शिवणाच्या दोऱ्यात ओवून घे. ओवली की ती कुठे जात नाही. जे टाके खूप खाली गेलेत त्यांच्यावर शिडीच्या पायऱ्यांसारखे आडवे धागे दिसतील. क्रोशाच्या सुईने खालच्या फाशातून एकेक पायरी ओढून घेत वर चढायचं. तिच्या टोपलीत क्रोशाची सुई असणारच. मीच दिली होती.

मी पुरा करणार नाही. एक तर माझी बोटं आता सांध्यात फुगली आहेत. आणि दुसरं, प्रत्येकीचा हात वेगळा असतो. माझा घट्ट, तिचा सैल, हवेशीर. मी पुढे विणलं तर तिचं विणणं जिथे थांबलं तिथे दोरी आवळल्यासारखं दिसेल. तूच विण. चेष्टा करत नाही. केसाएवढ्या भेगा तुझ्या नजरेतून सुटत नाहीत, तुला सुलट आणि उलट टाका जड जाणार नाही. कसं करायचं ते मागच्या पानावर चित्रं काढून दाखवलंय. चित्रातली ती काकडी नसून माझं बोट आहे.

आणि बाहेर पड, बोक्याला शोध. त्याने स्वेटर फाडायला नेला नव्हता. कुशीत घ्यायला नेला होता. तू रागावलास ते समजतं, पण त्या घरात तिला शोधणारे तुम्ही दोघंच आहात.

माया पातळ करू नकोस.
अक्का

२४ नोव्हेंबर

ती. अक्का,
शि. सा. न. वि. वि.

टाके वाचले. पुरा दिवस लागला. मधेच खाली जाऊन दोन चष्मे दुरुस्त करून आलो. त्यातला एक पोस्टमनचा होता. तो इतके दिवस बायकोचा चष्मा लावून पत्रं वाटत होता म्हणे. गल्लीतल्या निम्म्या लोकांना दुसऱ्याचीच पत्रं मिळाली असतील.

हवालदार पाववालीच्या गोदामात होता. मी हाक मारली तर पाठ फिरवून बसला. पाववाली म्हणाली की आता तुम्ही दोघं सारखेच दिसता, रुसलेले आणि हाडकुळे. शेवटी मी तिथेच पोत्यावर बसून राहिलो. बऱ्याच वेळाने येऊन मांडीवर बसला. काच घासायच्या यंत्रामागे त्याचं बिऱ्हाड सापडलं. मोजा, हिचा रुमाल, माझ्या दोन चष्म्यांची घरं आणि जांभळ्या लोकरीचा एक अख्खा गुंडा. तो नसता मिळाला तर लोकर कमी पडली असती.

मी विणतो आहे. पहिल्या ओळी वेड्यावाकड्या आल्या. त्या तशाच ठेवल्या.

पण अक्का, एक गोष्ट कुणाजवळ बोललो नाही. ही चुकली आहे. डावी बाही पूर्ण करून अंगाला शिवलीय, पण ती आखूड आहे. उजवी अजून खांद्यापर्यंत पोचलेली नाही तरी डावीच्या पुढे गेलीय. काजांची पट्टीही उलट्या बाजूला. आणि रंग जांभळा. मी जन्मात जांभळं घातलेलं नाही, हे हिला ठाऊक होतं. औषधांनी हिचं डोकं इतकं गढूळ झालं होतं आणि समोर बसून मला कळलं नाही. मी म्हणायचो, छान चाललंय. ती हसायची.

आता उजवी बाही उसवून डावीइतकी करतो. निदान दोन्ही सारख्या होतील. रविवारी बसेन.

घुम्या

२८ नोव्हेंबर

चि. घुम्या,

उसवू नकोस. एक टाकाही उसवू नकोस. काजं जिथे आहेत तिथेच राहू देत. उजवी बाही तुझ्या स्वतःच्या हाताच्या मापाने बोटभर कमी ठेवून पुरी कर आणि शिवून टाक. डावीला हात लावू नकोस.

का, ते विचारू नकोस. मोठ्या बहिणीचा हुकूम समज. हे पत्र इथल्या पोस्टमनच्या हातात स्वतः देतेय, रविवारच्या आत पोचावं म्हणून. तुझ्या पोस्टमनच्या नाकावर स्वतःचाच चष्मा आहे ना, ते बघून घे.

अक्का

१९ डिसेंबर

ती. अक्का,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र शनिवारी मिळालं. ऐकलं तुझं.

स्वेटर काल पुरा झाला. आरशापुढे घालून पाहिला. छातीवर आला नाही, खांद्यात अडकला. मी एवढा वाळलोय तरी. काढून पलंगावर पसरला. हवालदार लगेच त्यावर जाऊन बसला, डाव्या बाहीवर डोकं ठेवून. त्याला उठवायला गेलो आणि ती आखूड बाही, तिच्या शेजारची लांब बाही, अशी काही वेळ बघतच राहिलो. आणि मग मला खिडकीशी बसलेली तू दिसलीस.

खरं सांगतो, आधी राग आला. माझ्यासाठी नव्हता. इतके दिवस मी त्याला माझा समजून जपत होतो. जिन्यात जाऊन बसलो. मग एकेक गोष्ट आठवत गेली. काजं बायकांच्या बाजूला आहेत, म्हणजे बरोबर आहेत. बाही बरोबर आहे. रंगही बरोबर असणार, ते तुझं तुला माहीत. ही कुठेच चुकलेली नव्हती, अक्का. शेवटपर्यंत हिला सगळं लख्ख कळत होतं. मी समोर बसून छान चाललंय म्हणायचो ते खरंच होतं. मग मला रडू आलं. ती गेल्यापासून आलं नव्हतं.

तुला कळलं होतं ना? मग तू गप्प का राहिलीस?

स्वेटर पार्सलने पाठवतो आहे. उजव्या बाहीवर मध्येच विणणं बदललेलं दिसेल. तिथून वरचं माझं. दुकान रोज सकाळी उघडतो. विकायचं तूर्त राहू दे.

नमस्कारासोबत थोडा लोभही धाडतो. वजन जास्त भरलं तर पार्सलमुळे समज.
तुझा घुम्या

२७ डिसेंबर

चि. घुम्या,
अनेक अनेक आशीर्वाद.

पार्सल पोचलं. उघडल्यावर आधी बोक्याचे केस उडाले, मग स्वेटर निघाला. शेजारीण शिंकत राहिली आणि मी रडत राहिले, म्हणून कुणाला काही कळलं नाही.

हो, मला कळलं होतं. बाहीचं वाचलं तेव्हाच. पण त्या स्वेटरने तुला धरून ठेवलं होतं. तो माझा आहे म्हणून तुझ्या हातातून कसा काढून घेऊ? तू पुरा करावास, जवळ ठेवावास आणि मला कळलं होतं हे तुला कधी कळू नये, असं ठरवलं होतं. तुमच्या घरातली मांजरंसुद्धा माझं काही ठरू देत नाहीत.

रंगाचं सांगते. एकदा मी तिला लिहिलं होतं की मला जांभळा आवडतो, पण या वयात कोण घालून फिरणार. तिने त्यावर काहीच उत्तर दिलं नव्हतं. आणि गेल्या वेळी तुम्ही आलात तेव्हा हात चेपून देते म्हणून ती माझ्याजवळ बसली होती. माझा डावा हात घेऊन खांद्यापासून मनगटापर्यंत वीत वीत चेपत गेली आणि पुन्हा पहिल्यापासून. मला वाटलं, लाड करतेय. ती माप घेत होती रे.

मी आयुष्यभर सगळ्यांसाठी विणलं आणि स्वतः तुझे जुने स्वेटर घातले. त्यात कुणाचा दोष नाही, कुणाच्या लक्षात आलं नाही इतकंच. माझ्याही नाही.

तुझं विणणं कुठे सुरू होतं ते शोधावं लागलं नाही. आधी घट्ट आणि वाकडं, मग हळूहळू तिच्यासारखं सैल होत गेलंय. खांद्यापाशी तर तुझं कुठलं आणि तिचं कुठलं, माझ्या बोटांना ओळखता आलं नाही. सोबत करड्या लोकरीचे गुंडे पाठवते. आता स्वतःसाठी विणायला घे. एक गुंडा हवालदाराचा आहे, त्याला सांगून दे, म्हणजे चोरायची गरज नाही. प्लास्टर निघालं की मी तिथे येऊन राहीन. गिऱ्हाइकांशी बोलायला कुणीतरी हवंच, आणि मला ऐकू येत नसल्यामुळे मी कितीही वेळ बोलू शकते.

स्वेटर अंगात आहे. सकाळपासून सारखी चूक होतेय. उजवा हात सवयीने डावी बाही दुमडायला जातो, आणि दुमडायला काही नसतं.

लोभ भरून पावला. आणखीही चालेल.
तुझी अक्का