स्नेहलसाठी मेणाचा पाय

बुधवार, संध्याकाळ

कॉलेजच्या रिले टीममध्ये जागा मिळावी म्हणून मी सलग नऊ बुधवार माहीमच्या चर्चमध्ये मदरच्या नोव्हेनाच्या प्रार्थनेला गेले. शनिवारी सरावात स्नेहलचा घोटा मुरगळला आणि तिची जागा मला मिळाली. मी असं मागितलं होतं का? नव्हतं. बहुतेक.

सर म्हणालेत, फायनलपर्यंत ती बरी झाली तर तीच धावेल.

आज तिला बघायला बीडीडी चाळीत गेले, तर म्हणते, "आम्ही बौद्ध, पण तुमची मदर सगळ्यांचं ऐकते ना गं? माझ्यासाठी नवसाचा मेणाचा पाय ठेव."

चर्चबाहेर पाय विकत घेतला. वेदीपर्यंत गेले, पण तो हातातून सुटेना. काय मागू मी?

आत्ता तिचा मेसेज आला, "ठेवलास?" मी हो लिहिलं. पाय माझ्या सॅकमध्ये आहे, धावायच्या स्पाइक्सच्या शेजारी.