परदेशी मालाला लागलेलं हळदकुंकू

प्रिय वन्सं,

नणंद गेल्यावर तिला पत्र लिहिणारी भावजय बहुधा मीच पहिली! पण आज सकाळी जर्मनीच्या त्या बाईंचा निरोप आला. पावाच्या पिशव्यांची पुढची ऑर्डर, आधीच्या दुप्पट, कधीपर्यंत देता असं विचारलंय. तुम्ही गेलात हे त्यांना अजून माहीतच नाही. सगळ्या बायका मशिनी थांबवून माझ्या तोंडाकडं बघत बसल्या. काय सांगू मी?

आधी भांडून घेते. छातीत दुखत होतं तर एका शब्दानं सांगायचं नाही का? "पित्त झालंय गं" म्हणत माल तपासत बसलात. याचा राग मला अजून आहे.

भावोजी गेले त्या दुष्काळात तुम्ही सोयगावहून आमच्याकडं वाळूजला आलात, तेव्हा मला टेन्शनच आलं होतं. दोन खोल्या, टँकरचं पाणी, त्यात तुम्ही आणि तुमची शिलाई मशीन! पण तुम्ही तर थोड्याच दिवसांत गल्लीतल्या बायकाही मशिनींसकट घरात आणून बसवल्यात. कारखान्यांना हातमोजे शिवून द्यायला लागलात. एका कारखान्यातल्या खरेदीच्या साहेबानं तुम्हाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, तर म्हणालात, "साहेब, आधी माल बघा, मग बाई बघा." मी मागं उभी राहून घामाघूम!

त्याच साहेबानं पुढं परदेशात पाव ठेवायला सुती पिशव्या खपतात असं सांगितलं आणि तुम्ही नमुने पाठवूनही मोकळ्या झालात. जर्मनी कुठं आहे हे तरी ठाऊक होतं का हो तुम्हाला?

त्या बाईंची पहिली ऑर्डर आली, शिवूनही झाली. गाडी दुसऱ्या दिवशी येणार होती. तुम्ही खोके आणायला बाजारात गेलात आणि इकडं आपल्या मशीनवरच्या शकुंतलाबाईंनी मालाची पूजा केली. पहिला माल होता, करावीच की! पण एका पिशवीला हळदकुंकू लावून त्या थांबल्या नाहीत. हळदकुंकवाला एकीला लावून दुसरीला वगळतात का? म्हणून ओल्या बोटानं प्रत्येक पिशवीला लावलं. पांढऱ्याशुभ्र पिशव्या, आणि प्रत्येकीवर पिवळी-लाल बोटं! साबण लावून पाहिला तर हळद आणखीच लाल झाली. आणि धुवायला पाणी तरी कुठं होतं? ड्रम रिकामे, टँकरचा पत्ता नाही.

शकुंतलाबाई रडायला लागल्या. तुम्ही आलात, पिशव्या बघितल्या, एक घोट पाणी प्यालात आणि मला म्हणालात, "लाव त्या जर्मनीच्या बाईला फोन."

मी म्हटलं, गाडी मिळाली नाही असं सांगू या.

"नाय. इंग्रजी तुझी, पण बोलनं माझं. सांग, आमच्याकडं पयल्या मालाला हळदकुंकू लावत्यात. चूक माझी हाय. माल खराब झालाय, तो मी देनार नाय. नवा शिवून देते, येळ दे."

"वन्सं, चूक तुमची कुठं?"

"व्हय, माझीच. सांग."

मी जसंच्या तसं सांगितलं.  त्या बाईंनी मुदत वाढवून दिली. कापड पुन्हा आलं, सगळ्या पिशव्या पुन्हा शिवल्या.

त्या दिवशी मला एक गोष्ट दिसली, ती तुमच्यासमोर बोलायचं धाडस कधी झालं नाही. भावोजी गेल्यापासून तुम्हाला कुणी हळदकुंकवाला बोलावलं नव्हतं. शकुंतलाबाईंनी तर एकदा आपल्याच घरात हळदकुंकू लावताना तुम्हाला टाळून पुढं हात नेलेला मी पाहिला होता. आणि त्यांनीच लावलेल्या हळदकुंकवाची चूक तुम्ही स्वतःच्या अंगावर घेतलीत! त्यांना एक शब्द बोलला नाहीत. एवढं मोठं मन कुठून आणलंत हो? मी थक्क झाले होते. अजून आहे.

मघाशी मी जर्मनीला फोन लावला. तुमच्याशिवाय पहिल्यांदाच. तुमचे भाऊ म्हणाले, "झेपणार नसेल तर नाही म्हण." मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. तुम्ही गेलात ते सांगितलं. दुप्पट माल जमणार नाही, निम्मा देऊ, आणि वेळही जास्त लागेल, हेही सांगितलं.  त्या बाई म्हणाल्या, आठवड्यात कळवते.

काय कळवतील कोण जाणे! फोन ठेवला तर शकुंतलाबाई मागं उभ्या होत्या. म्हणाल्या, "नाय म्हनली तर?" आणि लगेच त्याच म्हणाल्या, "मंग मी येते तुझ्यासंगं, दुसरं गिऱ्हाईक शोधाया. माल मी दाखवीन." आणि जाऊन मशीनवर बसल्या. मग एकेक करत सगळ्याच बसल्या.

वन्सं, शब्द देते. माल वाईट निघाला तर वाईटच म्हणेन. आणि चूक कुणाच्याही हातून होवो, फोनवर नाव माझंच सांगेन.

तुमची घाबरट भावजय,
मीना