ऊन कोण होणार?

९ मे
सासरे, म्हणजे नाना, गच्चीवरच्या खोलीतून खाली यायला तयार नाहीत. वर पत्रा. मागच्या उन्हाळ्यात तिथेच चक्कर येऊन पडले होते. यंदा पडले आणि कुणाला कळलंच नाही तर? आज परत सांगून पाहिलं. "लूच्या झळा तर आमच्या लहानपणी पण असायच्या. तू फालतू टेन्शन घेते." मी समुपदेशक. गावाचं टेन्शन घालवते, घरचं मात्र... जाऊ दे.

१२ मे
पडाव भागातल्या हॉलमध्ये माझा समुपदेशनाचा गट जमला. सगळे उन्हाची धास्ती घेतलेले. झोप नाही, चिडचिड, नातवंडांचं पुढे कसं होणार. नुसत्या गप्पांनी भागेना, म्हणून नाटक. ज्याची भीती त्याचंच सोंग घ्यायचं, बाकीच्यांनी त्याला जाब विचारायचा. चिठ्ठ्या टाकल्या. शेजारच्या शुक्ला भाभींना 'ऊन' निघालं. तयारी करून या म्हटलं.
पुढच्या वेळी नानांना नेणार. हॉलला कूलर आहे, निदान दोन घटका गार बसतील.

१५ मे
भाभी अंगभर लोकर गुंडाळून हजर. घामाच्या धारा. "जिज्जी, चिट में ऊन लिखा था। मई में ऊन? हमने सोचा थेरपी है, कुछ सोच के ही दिया होगा।"
चूक माझी. पिढ्या गेल्या ग्वाल्हेरात, आणि चिठ्ठी लिहिली मराठीत. हिंदीत ऊन म्हणजे लोकर.
सगळे पोट धरून हसले. नाना सोडून. ते उठले. "असं असतं का ऊन? सरका." आणि झाले ऊन. काय तो रुबाब! झाड झालेले गुप्ताजी नुसत्या नजरेने वाकले.
भाभींनी लोकरीतूनच विचारलं, "आप नाना साहब के ही कमरे में क्यों घुसते हो?"
नाना, अजून ऊनच: "म्हातारा हटत नाही तिथून. बायको त्याच खोलीत गेली त्याची. खाली आला तर ती एकटी पडेल ना."
मी इतके दिवस पत्र्यावर चिडत होते. गटासमोर आपण रडायचं नाही, असं ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं. रडले.

१६ मे
वर गेले. वाद घातला नाही. एवढंच विचारलं, "नाना, आईंना नसेल होत गरम?"
"तिला तर फार व्हायचं." मग उठून पंखा तिच्या रिकाम्या खुर्चीकडे वळवला.

१८ मे
सकाळी सकाळी हुकूम सुटला. सासूबाईंची वेताची खुर्ची खाली न्या. ह्यांनी कुरकुरत उतरवली, जिन्यात अंगठा चेचला. नानांनी ती स्वतः खालच्या खोलीतल्या कूलरसमोर लावली, टाकीत पाणी आहे ना बघितलं. "हिला राहू दे इथे."
आणि स्वतः परत वर.
आता दुपार. वर बसायला खुर्ची नाही. आत्ताच आवाज आला, "काय गं, तिला करमतंय का?"
म्हटलं, "नाही हो."
जिन्यात चप्पल वाजली. थांबली.