बॅकअपचं खापर

३ नोव्हेंबर, सोमवार
रात्री लावलेला बॅकअप आजही सकाळी चालूच. ओपीडी उघडली तरी संपेना, अन् नोंदणीच्या खिडकीवर एक नाव उघडायले इतका वेळ की माणूस बाहेर चहा पिऊन येईन. कापूस वेचणीचे दिवस. लोक पहिल्या एसटीनं डोळे दाखवायले येतात, दुपारच्या आत वावरात परत जायचं असते. एक म्हातारी मलेच म्हणे, बापू, मले तं थोडंफार दिसते, तुमच्या कॉम्प्युटरले काहून नाई दिसून राह्यलं? सारी रांग हसली. मीही हसलो, पण लाज वाटली.
शेवटी बॅ. मधातच बंद केला. म्हणजे आजची पूर्ण प्रत नाही. परवाचीही नाही. उद्या डिस्क बसली तर दवाखान्याचे सारे पेशंट अन् त्यांच्या डोळ्यांचे सारे फोटो गेले. इथले कॉम्प्युटर मीच सांभाळतो, म्हणून हे मले एकट्यालेच माहीत आहे. दसऱ्याच्या आधी हाच बॅ. चौकीदार रामभाऊचा डबा खाऊन होईस्तोवर संपत होता.

५ नोव्हें.
बसून विचार केला, दसऱ्यानंतर बदललं काय? एकच. घाटंजीच्या सेंटरले नवा कॅमेरा गेला. संगीताताई तिथं डोळ्याच्या पडद्याचे फोटो काढते, ते सरळ आपल्या डेटाबेसमध्ये येतात. फोटो मोठे असतील. सापडलं तर मग!
बरं वाटलं. घरी मनीषानं पोहे केलते, दोनदा घेतले.

७ नोव्हें.
दवाखान्याच्या मोठ्या सरांनी केबिनमध्ये बोलावलं. किती दिवस चालणार हे? म्हटलं, कारण सापडलं सर, सोमवारच्या मीटिंगमध्ये सांगतो. फोटोंची साईज तेवढी एकदा पाहून घ्यायची आहे.
(पाह्यली नाही. प्रिंटर बिघडला, मग बाभुळगावच्या कॅम्पची गडबड.)

१० नोव्हें., सोमवार
कसं लिहू.
सोमवारची मीटिंग म्हणजे सारे सेंटरवाले येतात. घाटंजी, महागाव, बाभुळगाव. सरांनी सर्वांसमोर विचारलं, गजानन, बोल. मी म्हटलं, घाटंजीहून फोटो लय मोठे येऊन राह्यले, त्यानं बॅकअप अडकतो.
संगीताताई उभी राह्यली. म्हणे, "गजूभाऊ, ते सेटिंग तं तुमीच लावून देल्लं होतं. मी त्याले हातबी नाई लावला."
खरं होतं. मीच लावून दिलं होतं. अन् तरी माझ्या तोंडून निघालं, "ताई, तुम्हाले त्यातलं समजत नाही."
मग सरांनी तिच्या समाजावरून एक वाक्य टाकलं. दसऱ्याले सुटी घेऊन नागपूरले जायले बरोबर जमते, कामाच्या वेळेस मात्र, असं काहीतरी. पुढचं लिहिवत नाही. ती बौद्ध आहे, दरवर्षी घरच्यांसंगं दीक्षाभूमीले जाते, रीतसर अर्ज देऊन जाते. मी समोरच्या पाण्याच्या गिलासाकडे पाहत होतो.
पुढचं सांगेपर्यंत येऊ नका म्हणाले तिले. ती पर्स घेऊन निघाली. जाताना माझ्याकडे पाह्यलंही नाही, पाह्यलं असतं तर बरं झालं असतं.

११ नोव्हें.
घाटंजीचे फोटो बंद. बॅ. तसाच. सकाळी पुन्हा मधातच मारला.
सरले काय सांगितलं? की जुने फोटो अजून आत आहेत, ते बाजूले काढून राह्यलो, वेळ लागेन. किती सफाईनं बोललो. स्वतःलेही खरं वाटलं.
मनीषाले जेवताना थोडंसं सांगितलं. ती म्हणे, कावळा बसायले अन् फांदी तुटायले, असं तं नसन नं झालं? मी चिडलो. तुले काय कळते म्हटलं. मग आठवलं, कालही हेच बोललो होतो, दुसऱ्या बाईले.

१३ नोव्हें.
तसाच. घाटंजीले कॅमेऱ्यावर कोणी नाही. तिथले पेशंट इकडे पाठवून राह्यले, म्हणजे त्यांची मजुरी बुडाली. आज एक जण नोंदणीवर विचारत होता, ती ताई काहून नाई येत? बोलून बोलून भीती घालवत होती म्हणे, आमच्या बुढ्याचा डोळा तिच्याच हातानं उघडे.
मी आत निघून आलो.

१५ नोव्हें., शनिवार
पहिल्याच दिवशी जे करायले पाह्यजे होतं ते आज केलं. एक मोठी फाईल सर्व्हरवरच इकडची तिकडे कॉपी केली, झरकन झाली. म्हणजे सर्व्हर ठीक, डिस्क ठीक. तीच फाईल तारेनं, बॅकअपची प्रत जिथं साठते त्या पेटीवर पाठवली, तं मुंगीच्या चालीनं. म्हणजे दुखणं तारेत. नव्या पोरांले मीच शिकवतो, आधी तार पाहा, मग बाकीचं बोला.
तार हातात धरून मागं मागं गेलो. लोखंडी कपाटावर बॅकअपची पेटी, तिच्यावर कुंकवाचं बोट, अन् झेंडूचा हार, पार वाळून गेलेला. हारामागून तार भिंतीवरच्या नेटवर्कच्या जुन्या पांढऱ्या डब्यात गेलेली. तो डबा फक्त प्रिंटरसाठी ठेवला आहे, गाडी चालते पण बैलगाडी. नवा डबा खाली टेबलामागं. तिथली जागा रिकामी.
मग सारं आठवलं. खंडेनवमी. दरवर्षीसारखी दवाखान्याची सारी हत्यारं, व्हॅन, कॉम्प्युटर, सर्वांची पूजा. टेबलावर समई अन् नारळ ठेवायले जागा पाह्यजे म्हणून पेटी मीच उचलून कपाटावर ठेवली. तार खालच्या डब्यापर्यंत पुरेना, तं घातली भिंतीवरच्या डब्यात. म्हटलं आरतीपुरतं. मग प्रसाद, फोटो, दसऱ्याची सुटी, अन् विसरलो ते विसरलोच.
संगीताताई तेव्हा ऑफिसात नव्हतीच. ती नागपूरच्या गाडीत होती.
फोटोंची साईजही पाह्यली शेवटी. तीनही सेंटरमध्ये घाटंजीचेच सर्वात लहान.
काखेत कळसा अन् गावाले वळसा. पण हा वळसा मी एका बाईच्या पोटावरून घेतला. शिव्या द्याव्याशा वाटतात स्वतःले, अन् दिल्याही. हरामखोरा, तुले खुर्चीवर चढून एक तार पाहता आली नाही?
लांब तार आणून नव्या डब्यात घातली. हार काढायची हिंमत झाली नाही.

१६ नोव्हें., रविवार
झाला. रामभाऊचा डबा व्हायच्या आत. पूर्ण प्रत, तपासून पाह्यली.
आनंद व्हायले पाह्यजे.

१७ नोव्हें., सोमवार
मीटिंगमध्ये सर खूश. म्हणाले, पाह्यलं? माणूस हटवला की काम होते. गजाननानं आठवडाभर खपून सारे फोटो निस्तरले. पुढच्या सोमवारी शाल-श्रीफळ देऊ याले. टाळ्या पडल्या.
तोंड उघडलं होतं मी. खरंच उघडलं होतं. मग महागाववाल्यानं पाठीवर थाप मारली अन् मी हसलो. म्हणजे माझी दुरुस्तीच तिच्याविरुद्ध साक्ष झाली. चोर सोडून संन्याशाले फाशी, अन् चोराले शाल.

१८ नोव्हें.
मनीषाले सारं सांगितलं. तिनं तव्यावरची भाकरी उलटली. मग एवढंच म्हणे, ती शाल घरात आणू नका.

२० नोव्हें.
घाटंजीले गेलतो. बाजाराचा दिवस, एसटीत उभ्यानं. संगीताताईचं घर विचारत गेलो. नवरा अंगणात ऑटो पुसत होता, त्यानं खुर्ची दिली, पाणी दिलं. ती आतून आली, पदर खोचलेला, हाताले तुरीच्या शेंगांचा हिरवा डाग.
सांगितलं. हार, तार, पेटी, सारं. फोटो सर्वात लहान होते हेही. अन् सर बोलले तेव्हा चूप बसलो, हेही. मधे एकदा रडू आलं, आवरलं. तिनं सारं ऐकून घेतलं. मले वाटलं होतं ओरडन, शिव्या देईन. मी त्याच तयारीनं गेलतो.
ती म्हणे, "मले कायले सांगता? मले तं पहिलेच मालूम होतं का मी काही नाई केलं."
मी म्हटलं, सरले सांगतो, उद्याच केबिनमध्ये जाऊन सांगतो.
"केबिनमंदी नाई. नाव चारचौघात घेतलं होतं नं, गजूभाऊ? मंग चारचौघातच सांगा. अन् नुसतं तारेचं नाई. सर जे बोलले तेही गलत होतं, हेबी तुमीच म्हणा. मी येतो सोमवारी."
चहा दिला तिनं. प्यालो.

२२ नोव्हें.
तारेचं मी सांगू शकतो. चूक झाली, माफ करा, लोक हसतील, होऊन जाईन. दुसरं? सरांले, त्यांच्या तोंडावर, सर्वांसमोर? नोकरी त्यांच्याच हातात. पोरीची फी, घराचा हप्ता, सारं डोळ्यांपुढं येते. अन् तिच्या नोकरीच्या वेळेस हे काही आलं नाही डोळ्यांपुढं, हे विशेष.
वाक्य पाठ करून राह्यलो. तिसऱ्या शब्दापाशी अडकतो.

२४ नोव्हें., सोमवार
सकाळ. बॅ. वेळेत संपला. नोंदणीची रांग भराभर सरकून राह्यली.
वाळलेला हार आज काढला. पिशवीत घालून आणला आहे, तार कुठं होती ते दाखवायले.
हॉलमध्ये खुर्च्या लागल्या. टेबलावर शाल अन् नारळ. संगीताताई आली आहे, नवराही संगं आहे. बसा म्हटलं कोणी, तरी बसली नाही, दारापाशीच उभी आहे. तिनं माझ्याकडे पाह्यलं आज.
सर आले. माझंच नाव घेऊन राह्यले. डायरी खिशात टाकतो.