शुक्राची होरा आणि ओला गिलावा

फ्लॉरेन्स, १ मे १४८९, शुक्रवार. पहाटे.
संकल्प. विधवा मोन्ना ब्रिजिदाच्या दिवाणखान्यात शुक्रदेवीचं भित्तिचित्र. तिला वाटतं, शोभेसाठी. आतली गोष्ट वेगळी. शुक्राच्या होरेत चेहरा रंगवला की ग्रहाची शक्ती भिंतीत उतरते, आणि त्या भिंतीपाशी रोज असणाऱ्या दोघांचं प्रेम जमतं. ती आणि मी. प्रेम शिरतं डोळ्यांतून आणि कानांतून. नाक, जीभ, कातडी ही जनावरांची इंद्रियं. आजपासून वर्ज्य. आता पाच मिनिटं पडतो.

दुपारी.
पहाटेची होरा झोपेत गेली. माझा शनी जड आहे. पुढची होरा येईपर्यंत गिलावा वाळला, आणि वाळल्यावर रंग धरत नाही. नूतो गवंडी म्हणतो, मायेस्त्रो, चुन्याला पंचांग कळत नाही. अडाणी! सगळं खरवडायला लावलं.

८ मे, शुक्रवार.
वेळेवर उठलो. हिरवा झगा घातला. ल्यूटच्या तारा छेडत शुक्राचं स्तोत्र सुरू केलं. चौदा कडवी. बाराव्याला होरा संपली. दोष स्तोत्र रचणाऱ्याचा (मीच). मोन्ना म्हणाली, तुमच्या गाण्यानं मांजर गेलं ते अजून आलं नाही. मग तिनं ओल्या गिलाव्यावर हात ठेवून पाहिला, नूतोनं वरून स्वतःचा ठेवला. स्पर्श! कीव आली. तळलेली कलेजी नाकारली. एकच तुकडा घेतला. तीन.

१५ मे, शुक्रवार.
स्तोत्र एका कडव्याचं केलं. पण भिंत कोरडीच! नूतो स्वयंपाकघरात मोन्नाबरोबर शेंगा सोलत बसलेला. ती मला म्हणाली, याच्या अंगाला नव्या घरासारखा ओल्या चुन्याचा वास येतो, नाही? समजावलं की वासानं आत्मा वर चढत नाही. म्हणाली, इथं वर जायचंय कुणाला?

२२ मे, शुक्रवार.
दोघांचं लग्न ठरलं. मी सकाळभर रडलो. नूतोला विचारलं, हे झालं कसं? म्हणाला, मायेस्त्रो, तुमचीच कृपा. माझं काम एका दिवसाचं होतं.
म्हणजे सिद्धान्त खरा. दोघांचं जमलं. चित्र काढलं असतं तर काय झालं असतं!
लग्नाचा मुहूर्त मोन्नानं माझ्याकडूनच काढून घेतला. आमंत्रणही दिलं. ल्यूट घरी ठेवून या म्हणाली.