तीनवाल्यांची बदली का झाली नाही

मी, पाणीखात्यातून निवृत्त झालेला कार्डवाहक, वय वर्षे सत्त्याहत्तर, शिक्षण सहावी (परीक्षा दिली, निकाल आणायला गेलो नाही), असे लिहून ठेवतो की आज माझे डोके शाबूत आहे. तसा दाखला कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडून घेऊन सोबत जोडला आहे. डॉक्टर म्हणाले, "आजोबा, आणखी दहा वर्षं सहज काढाल." हे दाखल्यात घालू नका, असे मी सांगितले होते, तरी त्यांनी घातले. त्याने माझी किती पंचाईत झाली, ते पुढे येईलच. हा मजकूर कोणाच्याही दबावाखाली लिहिलेला नाही. बायको मधून मधून खांद्यावरून वाचते, पण तो दबाव धरू नये. तो बावन्न वर्षांचा आहे.

घाईने लिहितो आहे, कारण शुक्रवारी आमच्या नातीची तिच्या हापिसात चौकशी आहे. तीत तिची नोकरी जाईल किंवा राहील. ती राहावी एवढ्यासाठीच हा कागद आहे. घर, भांडी वगैरे ओघाने.

चिरंजीव म्हणाला, "बाबा, हातानं कशाला लिहिता? मशीनला सांगा, मिनिटात देईल." त्याने मशीनला सांगितले. मिनिटाच्या आत मृत्युपत्र आले. भाषा वकिलाची, अक्षर मोत्यासारखे. त्यात माझी तीन एकर जमीन होती आणि एक धाकटी मुलगी होती. मला जमीन नाही. धाकटी मुलगीही नाही. बायकोने दोन दिवस तिची चौकशी केली. तेव्हापासून हातानेच लिहितो.

कलम पहिले. घर. दोन खोल्या आणि माळा बायकोच्या हयातीत बायकोकडे, तिच्यानंतर चिरंजीवाकडे. स्वयंपाकघरातला नळ बसवणाऱ्याने उलटा बसवला आहे, डावीकडे फिरवला की बंद होतो. तो दुरुस्त करू नये. आता सगळ्यांच्या हाताला तीच सवय आहे.

कलम दुसरे. बँकेतली ठेव बायकोची. किती आहे ते तिला माझ्यापेक्षा नीट माहीत आहे.

कलम तिसरे. मोबाईल चिरंजीवाला साभार परत. "बाबा, हा आता माणसासारखा बोलतो, काहीही विचारा," म्हणून त्याने दिला होता. मी त्याला विचारले, गॅसचे बटण बंद केले आहे का? तो म्हणाला, मी तुमची काळजी समजू शकतो. जाऊन पाहिले तर बटण उघडे. काळजी समजणारी माणसे घरात भरपूर आहेत, बटण बंद करणारे कोणी लागते. शिवाय मागे पेपरात आले होते की कोणी एक लहानशी फाईल सगळीकडे पाठवली आणि देशोदेशीची विमाने जमिनीवर बसून राहिली. एवढीशी चूक एवढ्या लांब जाते, हे वाचून बाकीचे हसले. मी हसलो नाही. मला त्याचा अनुभव आहे.

कलम चौथे. लोकरी मोजे, एक जोड, न वापरलेले. हे धूळमास्तरांना द्यावेत, हयात असल्यास. धूळमास्तर म्हणजे आमच्या मशीनखोलीचे प्रमुख. खात्यात पहिले मशीन आले तेव्हा ते दोन कपाटांएवढे होते आणि त्याच्यासाठी थंड हवेची खोली बांधली. माणसांना पंखा नव्हता. मशीनला धूळ चालत नाही म्हणून धूळमास्तर सगळ्यांना जिन्याखालीच बूट काढायला लावत. मोज्यांनाही धूळ असते म्हणून मोजेही. हिवाळ्यात मी अनवाणी दिवसातून तीस वेळा तो दगडी जिना चढत असे. "कुरकुर करायची नाही. जो पेटी पाडील तो घरी," हे त्यांचे वाक्य. मोजे देताना हे वाक्य त्यांना ऐकवावे. दुसरे काही बोलू नये.

कलम पाचवे. पत्र्याची ट्रंक आणि तिच्यात अस्तराच्या कागदाखाली ठेवलेले एक कार्ड.

हे कलम लिहायला मला दोन दिवस लागले.

त्या वेळी मशीनला काय करायचे ते जाड कागदाच्या कार्डांवर भोके पाडून सांगत. एक कार्ड म्हणजे एक हुकूम. खालच्या मजल्यावर बाई भोके पाडत, वरच्या मजल्यावर मशीन वाचे, आणि पेट्या नेण्याचे काम माझे. कार्डांचा क्रम चुकला की सगळे मुसळ केरात. म्हणून हुकूम रचणारे चष्मेवाले साहेब गठ्ठ्याच्या कडेवर निळ्या पेन्सिलीने एक तिरकी रेघ मारत. गठ्ठा विस्कटलाच तर रेघ जुळवत जायचे, क्रम आपोआप लागतो. वाचता यायची गरज नाही. साहेबांनी हे मला मुद्दाम शिकवले होते. चांगला माणूस. दोन महिन्यांनी परदेशी गेला तो गेलाच.

बदल्यांची पेटी वर नेताना मी ओल्या पायरीवर घसरलो. सहाशे कार्डे. इकडेतिकडे पाहिले, कोणी नव्हते. तिथेच बसून चाळीस मिनिटांत मी रेघ जुळवली आणि पेटी वर नेऊन दिली. मशीनने रात्रीतून खात्यातल्या सगळ्या नोकरांच्या बदल्यांचे हुकूम छापले, दुसऱ्या दिवशी ते टपालात पडले. तिसऱ्या दिवशी जिन्यातली वाळूची बादली सरकवली, तर खाली एक कार्ड.

भोके पाडणाऱ्या बाईंना सहज विचारावे तसे विचारले, "बाई, हे कशाचं हो?"

त्या म्हणाल्या, "नोकरी क्रमांकाचा शेवटचा आकडा तीन, त्यांना बदलीसाठी निवडा, असं आहे. प्रत्येक आकड्याचं एकेक असतं. कुठं मिळालं?"

"जुन्या रद्दीत," मी म्हणालो.

माझ्या आयुष्यातले खोटे मोजले तर पुष्कळ निघतील, पण मोठे हे एकच. वाटले, पुढच्या वर्षी पेटी येईल तेव्हा हळूच घालून टाकू. पुढच्या वर्षी पेटी आलीच नाही. कार्डांवरचे सगळे टेपवर उतरवले होते. टेपवरून मग तबकड्यांवर गेले, तबकड्यांवरून आणखी कुठे. सन दोन हजार आले तेव्हा जगभरच्या मशीनांना तारीख कळणार नाही म्हणून सगळे घाबरले, बाहेरून तज्ज्ञ आणले, त्यांनी महिनाभर तपासले आणि फक्त तारीख तपासली. प्रत्येक वेळी नवा साहेब विचारी, "हे चालतंय ना? मग हात लावू नका." अठ्ठेचाळीस वर्षे कोणी हात लावला नाही.

या काळात शेवटी तीन आकडा असलेल्या एकाही माणसाची बदली झाली नाही; त्यांच्या वाट्याच्या बदल्या बाकीच्यांवर पडल्या. सुरुवातीला लोक म्हणत, तीन तिघाडा, काम बिघाडा. पाच वर्षांत तेच लोक तीनचा क्रमांक मिळावा म्हणून भरती कारकुनाच्या घरी चकरा मारू लागले. तीनवाल्या मुलाला मुली सांगून येऊ लागल्या. एका साहेबांनी तर "तीन क्रमांकास स्थैर्य देण्यामागील प्रशासकीय दूरदृष्टी" असा लेख लिहिला, त्यावर त्यांना बढती मिळाली.

माझा स्वतःचा क्रमांक अकराशे त्र्याऐंशी होता. मी एकतीस वर्षे त्याच जिन्यावर काढली.

कलम सहावे. मेहुणा. बायकोचा धाकटा भाऊ, याच खात्यात पंपचालक, क्रमांक दोन हजार शेहेचाळीस. त्याच्या अकरा बदल्या झाल्या. दर खेपेला गादी, कंदील, पोरे घेऊन नवे पंपघर. त्याचा मुलगा नऊ शाळांत शिकला आणि कुठल्याच शाळेच्या फोटोत नाही. मेहुणा म्हणे, "भावोजी, तुम्ही खुर्चीला मुळं फुटवून बसलात. आमच्यासाठी वर एक शब्द टाका की." माझी वर काही ओळख नव्हती. पण माझी बदली होत नाही म्हणून सगळ्यांना ती वाटे, आणि मला तसे वाटलेले आवडे. मी मान हलवून म्हणत असे, "बघतो." हे "बघतो" मी निदान शंभर माणसांना म्हटले असेल. सहा वर्षे झाली, मेहुणा आमची पायरी चढलेला नाही.

हे लिहिताना बायको मागे येऊन उभी राहिली. पाचवे कलम तिने वाचलेले नव्हते.

"दोन खोल्यांना एवढी पानं? माझ्या भावाचं नाव दिसतंय. त्याला काय देताय?"

"त्याच्या बदल्यांचं कारण," मी म्हणालो आणि पाने तिच्या हातात दिली.

तिने उभ्यानेच वाचले. मग आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतले. मी तीनदा गॅसचे बटण पाहून आलो.

कलम सातवे. नात. तिला ट्रंक, कार्ड आणि हा कबुलीजबाब, माझ्या पश्चात.

नात याच पाणीखात्यात संगणक विभागात आहे. रविवारी आली, चहा तसाच निवू दिला.

"आजोबा, तुम्ही तिथं होतात म्हणून विचारते. बदल्यांच्या जुन्या यादीत शून्य आहे, एक आहे, दोन आहे आणि मग एकदम चार. मधला तीन गेला कुठं?"

मी म्हणालो, "असेल कुठंतरी."

"कुठंतरी कसा असेल? तो नाहीच आहे. आता खात्यानं नवीन मशीन घेतलंय, स्वतःहून शिकणारं. त्याला अठ्ठेचाळीस वर्षांच्या फायली खायला घातल्या. त्यानं काय शोधून काढलं, सांगू? तीनवाले स्वभावतःच स्थिर असतात! जागा सोडत नाहीत, निष्ठावान असतात. म्हणून यापुढं वरच्या सगळ्या जागा त्यांना द्या. आणि बाकीचे, सहावाले वगैरे, म्हणे भटके."

"मशीन म्हणतं म्हणजे..."

"मशीनला कुणी शिकवलं, आजोबा? आपणच. मी लेखी दिलं की ही चूक आहे. तर मोठे साहेब म्हणतात, बाई, हे धोरण आहे. जुनी माणसं काय वेडी होती? चूक असल्याचा पुरावा आणा शुक्रवारी, नाहीतर यंत्राविषयी अविश्वास पसरवला म्हणून राजीनामा आणा."

"तुमच्या मोठ्या साहेबांचा क्रमांक काय?"

"तीन. म्हणजे शेवटी तीन."

मग ती हसून म्हणाली, "गंमत सांगू? फार पूर्वी एका मशीनमध्ये दिव्यावर येतो तसला पतंग अडकला होता. लोकांनी तो काढला, वहीत चिकटपट्टीनं चिकटवला आणि खाली तारीख घातली. ती वही अजून जपून ठेवलीय."

"कुणी रागावलं नाही?"

"रागवायचं कशाला? सापडला ना."

ती गेल्यावर मी ट्रंक उघडून कार्ड पाहिले. कडेवर साहेबांच्या रेघेचा निळा ठिपका अजून आहे. पण ते तिला द्यायचे धैर्य झाले नाही. पेन्शन बंद होईल, तीनवाले दगड मारतील, बायको काय म्हणेल. म्हणून माझ्या पश्चात, असे लिहिले. रविवारपासून छातीत धडधडते आहे, त्यामुळे शुक्रवारच्या आत माझे काहीतरी होईल आणि कागद वेळेवर उघडेल, असा माझा अंदाज होता. तो डॉक्टरांनी बिघडवला. म्हणाले, धडधड काळजीची आहे, काळजाची नाही.

दोन तासांनी बायको बाहेर आली. डोळे लाल होते.

"अहो, हे तुम्ही मेल्यावर उघडायचं?"

"हो."

"आणि पोरीची चौकशी उद्या?"

"हो."

"म्हणजे पोरीनं तुमच्या मरणाची वाट बघत बसायचं? आयुष्यात एक काम कधी वेळेवर केलं नाहीत, मरण तेवढं बरोबर वेळेवर करणार होतात?"

मी पेन उघडले. ती म्हणाली, "साक्षीदार दोन लागतात ना? एक शेजारच्या घड्याळजींना सांगा. दुसऱ्याला मी फोन केलाय. तो निघालाय."

कलम आठवे आणि शेवटचे. सातव्या कलमातले "माझ्या पश्चात" हे शब्द मी माझ्या हाताने खोडले आहेत, खाडाखोडीवर सही केली आहे. हे मृत्युपत्र माझ्या मरणासाठी थांबवू नये. ते उद्या, शुक्रवारी सकाळी अकरा वाजता पाणीखात्याच्या चौकशीच्या खोलीत उघडावे. कार्ड नात दाखवील. भोके वाचणारे मशीन आता कुठे मिळणार नाही, पण कार्डाच्या वरच्या कडेला इंग्रजी अक्षरे छापलेली आहेत आणि ती मोठ्या साहेबांना वाचता येतील. हा कागद मी स्वतः वाचून दाखवीन. मयत समोर उभा आहे, एवढ्या कारणावरून कोणी हरकत घेऊ नये.

लिहून देणार: निवृत्त कार्डवाहक, क्रमांक अकराशे त्र्याऐंशी. (सही)

साक्षीदार पहिले: शेजारचे घड्याळजी. (सही. मजकूर वाचला नाही, सही करताना पाहिले.)

साक्षीदार दुसरे: निवृत्त पंपचालक, क्रमांक दोन हजार शेहेचाळीस, लिहून देणाऱ्याच्या बायकोचा भाऊ. (सही. मजकूर दोनदा वाचला. उद्या मीही येणार आहे. भावोजींशी अजून बोललेलो नाही.)

ठिकाण: राहत्या घराची पुढची खोली.
दिनांक: अकरा, गुरुवार, संध्याकाळ.