साहिलच्या असण्या-नसण्याबाबत

मी, रुपराव महादेव भोयर, निवृत्त पदार्थविज्ञान शिक्षक, राहणार मनीषनगर, नागपूर, पूर्ण शुद्धीवर राहून, कोणाच्याही दबावाशिवाय हे लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर आहे. काळीज नाही, पण कायदा ते विचारत नाही.

१. राहतं घर सून श्वेता हिला. पत्नी गोपिका हिचा त्यात हयातभर राहण्याचा हक्क राहील. बँकेतली ठेव सगळी गोपिकेची.

२. भिवापूरच्या शेतातला माझा हिस्सा धाकटा भाऊ रामाजी याला. धुऱ्यावरून, म्हणजे सामाईक बांधावरून, तो माझ्याशी कित्येक वर्षं बोलला नव्हता. आता सगळाच धुरा त्याचा. भांड म्हणावं एकट्यानं.

३. मुलगा साहिल. वैनगंगेच्या पुरात होडी उलटली, बाकीचे सापडले, तो सापडला नाही. बारा वर्षं सरली की रिवाजाप्रमाणे दर्भाचा पुतळा जाळून माणसाला मृत मानायचं. ती सरली, तरी मी ते होऊ दिलं नाही. कारण गोपिका विचारते, “तुम्ही पाह्यलं का त्याले मेलेलं? मंग काहून म्हणता?” मोजून पाहिल्याशिवाय कण कुठे आहे हे बोलू नये, असं जन्मभर वर्गात मीच शिकवलं. श्वेता मात्र अडकून पडली. तिच्या ओळखीतला उन्मेष तिच्याशी लग्नाला तयार आहे, तिच्याही मनात आहे. पण म्हणते, “बाबा, तुम्ही म्हणाल तवाच.”

साहिलही हाच विषय शिकला. म्हणायचा, “बाबा, एकाच गोष्टीचं खरं दोघांसाठी येगयेगळं असू शकते.” मी चिडवायचो, “तुही माय म्हणते भाजी खारट, मी म्हणतो अळणी. मंग मीठ किती गा?” तो हसून म्हणायचा, “दोघाइचंही बरोबर.” मला हे मत कधी पटलं नाही, आजही पटत नाही. तरी त्याच्याच आधारे लिहितो: श्वेतासाठी साहिल मृत आहे. तिनं खुशाल लग्न करावं. घर तरीही तिचंच. गोपिकेसाठी तो जिवंत आहे. हे आणि पुढचं कलम तिला वाचून दाखवू नये. माझ्यापुरतं खरं काय, ते मला माहीत नाही. मला माझा पोरगा पाहिजे.

४. पुतळा वेगळा जाळू नये. आमच्यात बाया घाटावर येत नाहीत, गोपिकेला कळणार नाही. रामाजीनं तो माझ्याच सरणावर, माझ्या कुशीत ठेवावा. विस्तव माझ्या बाजूनं लावावा. पोराच्या आधी बाप गेला पाहिजे.

वरील मजकूर दोन्ही साक्षीदारांनी ऐकला. त्यांच्यादेखत सही केली.

सही: रुपराव महादेव भोयर
साक्षीदार: विक्रम देशकर, वकील (सही)
साक्षीदार: कामिनी वैरागडे, शेजारी (सही)
नागपूर, ११ नोव्हेंबर २०२४